मुलासाठी गाव बघायला गेलो

आमच्याकडे लोक मुलासाठी मुलगी बघायला जातात. मी मुलासाठी गाव बघायला गेलो, तेही कॅनडात. परत आल्यापासून औरंगपुऱ्यात कुणी ना कुणी गाठतं आणि म्हणतं, "सर, लिहा की तिकडचं. आमचं काय जाणं होत नाही." या लोकांना बर्फ हवा असतो, विमानात काय खायला दिलं ते हवं असतं, आणि तिकडची माणसं रांगेत कशी गुमान उभी राहतात ते हवं असतं. त्यातलं थोडंफार लिहितो. पण हे मी हौसेनं लिहीत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. ज्याला फक्त बर्फ बघायचा असेल त्यानं दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं.

मी चित्रकलेचा मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. राहायला संभाजीनगरात, छावणीजवळ, मूळ गाव चितेगाव. मुलगा महेश कॉम्प्युटरमधला. तो आणि सून प्राजक्ता काही वर्षांपासून कॅनडातल्या एका मोठ्या शहरात, दुसऱ्याच्या घराच्या तळघरात भाड्यानं राहत होते. त्यांच्या खिडकीतून आकाश दिसायचं नाही, येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसायचे. कायमचं राहायची परवानगी मिळाली तेव्हा महेशनं ठरवलं की शहर सोडायचं आणि डोंगराजवळच्या, आपल्याला परवडेल अशा लहान गावात स्वतःचं घर घ्यायचं. काम तो घरूनच करतो, त्यामुळे गाव कुठलंही चाललं असतं. पण घर घ्यायचं तर आधी काही रक्कम भरावी लागते, आणि ती चितेगावची जमीन विकूनच उभी राहणार होती. पैठण रस्त्याला कारखाने आल्यापासून आमच्या मुरमाड रानालाही गिऱ्हाइकं होती.

फोनवर तो म्हणाला, "बाबा, जमीन तुमची जातीय, तर गाव आणि घर तुम्हीच पसंत करा. पुढं तुम्हाला नि आईला तिथंच यायचंय."

मला फार बरं वाटलं. आयुष्यात मला कुणी काही पसंत करायला सांगितलं नव्हतं. शाळेच्या भिंतीचा रंगसुद्धा हेडमास्तर ठरवायचे, आणि चित्रकलेचा मास्तर मी. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, यातलं काहीच पटलं नव्हतं. "दुरून डोंगर साजरे," ती म्हणाली. "डोंगरच बघायचा तर गच्चीवर जा, साताऱ्याचा डोंगर दिसतोय की. त्याला कुठं जमीन इकावी लागती?" मी तिला गप्प केलं. या प्रवासात मी तिला बऱ्याचदा गप्प केलं.

लाकूडगाव

विमानाचं सोडून देतो. बसून बसून पाठीचा काटा ढिला होतो, एवढंच. उतरल्यावर एका कुत्र्यानं सुमनची पिशवी हुंगली आणि दोन अधिकाऱ्यांनी तिच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडून, बंद करून, पुन्हा उघडून बघितला. शेवटी त्यातल्या एकाला ठसका लागला आणि आम्हाला सोडून दिलं.

महेशनं तीन गावं काढून ठेवली होती. त्यांची इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी माझी नावं ठेवली. पहिलं लाकूडगाव. तिथं लाकूड कापायचा मोठा कारखाना, गावभर ओल्या भुशाचा वास, आणि बाजारातली निम्मी दुकानं बंद. डोंगर मात्र असा की मान मोडेस्तोवर वर बघावं. घरं स्वस्त होती. महेशनं चौकशी केली तेव्हा कळलं की कारखाना बंद पडायच्या बेतात आहे, म्हणून लोक घरं विकून चाललेत. ज्या गावातून लोक निघालेत तिथं आपण कशाला जायचं, असं प्राजक्ता म्हणाली आणि ते बरोबरच होतं.

त्या गावच्या मुक्कामात एक गंमत झाली. हॉटेलच्या खोलीत शिरल्याबरोबर सुमननं नळ सोडला आणि दिसेल ते भांडं भरून ठेवलं. किटली, पेले, बर्फाची बादली, शेवटी अंघोळीचा टब काठोकाठ. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की घरातली वाटीसुद्धा रिकामी ठेवायची नाही, हे अंगात भिनलेलं.

"आत्या, इथं पाणी जात नसतं," प्राजक्ता म्हणाली.

"जात नाय म्हणून काय झालं? आलंय तर भरून ठिवावं."

भरलेला टब सोडून द्यायला मग कुणाचाच हात धजेना. सकाळी चौघांच्या अंघोळी त्याच पाण्यात पेला बुडवून झाल्या. महेश हसत होता, मीही हसलो. तहानलेल्या माणसाच्या हातात पसंतीचा अधिकार दिलाय, हे तेव्हा कुणाच्या लक्षात यायला हवं होतं.

दुसरं गाव बर्फावर घसरायला येणाऱ्या श्रीमंतांचं. प्रत्येक दाराला ताजा रंग आणि कुत्र्यांनासुद्धा स्वेटर. तिथलं एक घर आम्ही नुसतं बाहेरून बघितलं, आत जायला लाज वाटली. तिथून अर्ध्या दिवसात निघालो.

नदीचं गाव

तिसऱ्या गावात गाडी वळली आणि मला आधी पाण्याचा आवाज आला. मग नदी दिसली. हिरवीगार, रुंद, काठोकाठ, आणि धावत चाललेली. सप्टेंबर होता. आमच्याकडे सप्टेंबरात नदी भरलेली असली तर ती पोळ्यापासून दिवाळीपर्यंतची पाहुणी. इथली बारा महिने अशीच वाहते, असं महेश म्हणाला. मी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून पाण्यात हात घातला. हात बधिर झाला तरी काढवेना.

आमच्या भागात सोयरीक बघायला गेलं की म्हातारी माणसं बैठकीत बसायच्या आधी विहिरीत डोकावतात. मुलगा शिकलेला आहे का, घर पक्कं आहे का, हे सगळं नंतर. उन्हाळ्यात पाणी पुरतं का, हे पहिलं. माझ्या वडिलांनी माझ्या बहिणीचं एक चांगलं चालत आलेलं स्थळ, विहीर मार्चात आटते एवढ्यावर परत पाठवलं होतं. त्यांच्या स्वतःच्या रानातली विहीर फोडताना त्यांचा उमेदीचा काळ गेला. पुढं मी तिथं बोअर घेतले. तीन घेतले आणि तिन्हीतून नुसता फुफाटा उडाला. तेव्हा पाणी दिसलं की माझी अक्कल संपते, हा माझ्या एकट्याचा दोष नाही. पण या वेळी तो मला भोवला नाही, पोराला भोवला.

दोन घरं बघायची होती. एक वर, डोंगराच्या उतारावर. जुनं, अंधारं, दोनच खोल्या आणि चढून जायला वीसेक पायऱ्या. गावातली सगळी जुनी घरं तिकडंच होती. मला नवल वाटलं की असली नदी सोडून ही माणसं वर दगडाला का चिकटलीत. वेडीच दिसतात, असं मी सुमनला म्हणालो.

दुसरं घर नदीपासून चाळीस पावलांवर. मोठं, उजेडाचं, आणि किंमत वरच्या घराएवढीच. तळमजल्यावर नदीकडं तोंड केलेली एक खोली होती, ती आमची म्हणून प्राजक्तानं तिथल्या तिथं जाहीर केलं. मी काठावर उभा राहून घराकडं बघितलं. मागं दोन डोंगर, मधून नदी, काठावर घर. तीस वर्षं पोरांनी माझ्यासमोर हेच चित्र काढलं. त्यातल्या एकानंही असली नदी बघितलेली नव्हती, तरी प्रत्येकाच्या कागदावर ती असायची. मी खाली लाल शाईनं मार्क द्यायचो.

घर दाखवणारी बाई इंग्रजीतून बरंच काही बोलली. महेशनं मला मराठीत सांगितलं, "बाबा, ती म्हणते नदीकाठच्या घरांना पुराचा विमा मिळत नाही. पण बांध घातलेला आहे, बरीच वर्षं काही झालेलं नाही."

सुमन म्हणाली, "लई आवाज करतंय पाणी. मला नाय बरं वाटत इथं."

"जन्मभर पाण्याला रडलीस, आता आवाजाला रडतीस व्हय?" मी म्हणालो. ती गाडीत जाऊन बसली.

महेशला दोन दिवसांत उत्तर द्यायचं होतं. त्याचं मन दोन्हीकडं होतं. तो म्हणाला, "मी कागदपत्रं बघतो. तुम्ही गावात फिरा, लोकांशी बोला. आपल्याकडं सोयरिकीआधी चौकशी करतात तशी. मला इंटरनेटवरचं कळतं बाबा, माणसांचं तुम्हाला कळतं."

हमीदभाईंचं दुकान

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा निघालो. मुख्य रस्त्यावर जुन्या सामानाचं एक दुकान होतं. बाहेर खुर्च्या, कपाटं, एक पाळणा, गंजलेला तराजू. मी आत शिरलो आणि मोडक्या इंग्रजीत बोलायला लागलो. गल्ल्यावरचा म्हातारा हसून म्हणाला, "हिंदी में बोलो साब, कायकू तकलीफ करते. कहाँ के?"

मी गाव सांगितलं. म्हातारा उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला.

"मैं वहींच पैदा हुआ," तो म्हणाला. "औरंगपुरे के पीछे मकान था हमारा."

त्यांचं नाव हमीद. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर वडील सगळं सोडून निघाले तेव्हा हमीदभाई चार वर्षांचे होते. आधी कराची, मग तरुणपणी इकडं. बायको वारलेली, मुली लांबच्या शहरांत. त्यांनी मला चहा दिला आणि आपल्या शहराची विचारपूस केली. वेरूळ-अजिंठ्याचं एक अक्षर नाही, विचारलं ते तिथल्या मटण-रोटीचं आणि पाण्याचं. "नान-खलिया मिलता क्या अब भी? और नहर? अब्बा बोलते थे, घर के हौज में नहर का पानी आता था, दिन-रात."

डोंगराकडून शहरात पाणी आणणारी ती जुनी नहर केव्हाच बंद पडली आणि आता टँकर येतात, असं मी सांगितलं. त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग मी शहराचं नाव बदलल्याचंही सांगितलं. छत्रपती संभाजीनगर. "हौ, सुना," ते म्हणाले, आणि पुढंही औरंगाबादच म्हणत राहिले. मला ते खटकलं. लपवून काय करू? आमच्या घरात रझाकारांच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालो. माझ्या आजोबांना गाव सोडून महिनाभर रानात लपावं लागलं होतं. हमीदभाईंच्या घरात पोलीस ॲक्शननंतरच्या गोष्टी सांगितल्या जात असणार. दोघांनीही आपापल्या गोष्टी बाहेर काढल्या नाहीत. चहा तेवढा गोड होता.

मग मी घराचं सांगितलं. नदीकाठचं म्हटल्याबरोबर त्यांनी कप खाली ठेवला.

"नदी के बाजू नक्को लेव मास्टर."

"बांध आहे म्हणतात."

"बांध है. पिछली बार भी था." ते मला कपाटांकडं घेऊन गेले. सागवानी रंगाचं एक कपाट, त्याच्या शेजारी दुसरं, मग एक टेबल. सगळ्यांवर गुडघ्याच्या वर, एकाच उंचीवर, एक आडवी मळकट रेघ. मी ती आत येतानाच बघितली होती आणि पॉलिश उडालंय असं समजलो होतो. मी चित्रकलेचा मास्तर, सरळ रेघ माझ्या नजरेतून सुटत नाही.

"ये सब उधरकेच घरों का सामान है," ते म्हणाले. "बरफ पे बारिश गिरी, के नदी ऊपर आ जाती. पुराने लोग ऊपर कायकू रहते? ऊपर का मकान छोटा है, अंधेरा है, मेरे को मालूम. वोइच लेव. बच्चे को बोलो जाके."

मी हो म्हणालो आणि बाहेर पडलो.

रस्त्यानं चालताना माझ्या मनात काय काय आलं ते लिहितो, कारण ते लिहिण्यासाठीच एवढी पानं भरली. पहिल्यांदा मला वाटलं, याला आपला शेजार नको आहे. ज्या शहरातून यांना निघावं लागलं तिथलीच माणसं पाऊणशे वर्षांनी इथं येऊन नदीकाठचं झकास घर घेतात, हे याला कसं बघवेल? चौकापर्यंत पोचलो तोवर ही गोष्ट मी स्वतःला चांगली पटवून दिली. नंतर मी नदीवर गेलो. तिथं बसल्यावर कपाटावरची रेघ डोळ्यांपुढून हलेना. रेघ खोटी नव्हती. माणसाचा वैरभाव लाकडावर एका उंचीत उमटत नाही, एवढं मला कळत होतं. पण समोर पाणी वाहत होतं. माझ्या बापानं उभ्या जन्मात एवढं पाणी बघितलं नाही आणि त्याचीच जमीन विकून मी ते घेणार होतो. वरच्या अंधाऱ्या घरात त्याची जमीन घालायची माझी तयारी नव्हती.

परत गेलो तेव्हा सुमननं हॉटेलच्या खोलीतल्या शेगडीवर भाकरी केल्या होत्या. पीठ तिनं घरून आणलेलं. गरम भाकरी, ठेचा, आणि तिथलं दही. महेश जेवता जेवता म्हणाला, "मग? झाली चौकशी?"

"झाली," मी म्हणालो. "माणसं चांगली आहेत. आपल्याच शहरातले एक हमीदभाई भेटले, त्यांचं दुकान आहे."

"काय म्हणाले?"

"नान-खलिया मिळतो का विचारत होते."

सगळे हसले. महेश म्हणाला, "आणि नदीचं?"

"पाणी बघून घर घे," मी म्हणालो. "पाणी असलं की बाकीचं सगळं मागून येतं."

त्याचा चेहरा सैल झाला. त्याला तेच ऐकायचं होतं की मी सांगितलं म्हणून त्यानं ऐकलं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. दोन्ही खरं असेल. पण त्यानं मला विचारायला पाठवलं होतं.

घरी

परत आल्यावर महिन्याभरात जमीन विकली. वसंतात महेश आणि प्राजक्ता त्या घरात राहायला गेले. रोज नदीचा व्हिडिओ यायचा. सकाळची नदी, धुक्यातली नदी, लाल मासे पाण्याच्या विरुद्ध वर चढतात ती नदी. मी तो फोन घेऊन शेजारीपाजारी दाखवत फिरायचो. आमची खोली रंगवून झाली, खिडकीला पडदा लागला, आमच्या कागदांची तयारी सुरू झाली.

पानगळीनंतर तिकडं लवकर बर्फ पडला आणि त्यावर तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी भर दुपारी बांध फुटला. दोघांना गाडी काढण्यापुरता वेळ मिळाला. अंगावरचे कपडे, महेशची कामाची पिशवी आणि पासपोर्ट, एवढं वाचलं. पाणी खिडक्यांच्या वरपर्यंत चढलं आणि ओसरलं तेव्हा घरात छातीएवढा गाळ होता. सरकारी माणसांनी दारावर कागद चिकटवला की हे घर राहण्याजोगं नाही. विमा नव्हताच. माझ्या वडिलांची जमीन अशी तीन दिवसांच्या पावसात गेली आणि मुलगा-सून शाळेच्या हॉलमध्ये चादरीवर झोपले.

दुसऱ्या दिवशी महेशचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बरा होता. "बाबा, तुमचे ते हमीदभाई आले होते शाळेत. हॉलमध्ये उभं राहून मोठ्यानं विचारत होते, औरंगाबादवाले कौन हैं म्हणून. आम्हाला दुकानावरच्या खोलीत घेऊन गेले. त्यांनी स्वतःचा पलंग दिलाय प्राजक्ताला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फार चांगला माणूस आहे बाबा. एकदाही विचारलं नाही की नदीकाठी कशाला घेतलंत. इथं बाकीचे सगळे तेच विचारतात. थांबा, बाजूलाच आहेत, देतो त्यांच्याकडं."

मी नको म्हणायच्या आत फोन त्यांच्या हातात गेला होता.

"सलाम मास्टर. बच्चे ठीक हैं, फिकर नक्को करो. यहाँ जित्ते दिन रहना, रहो." मग पावलं वाजली, दार लागल्याचा आवाज आला. ते बाजूला गेले असावेत. आवाज खाली आणून ते म्हणाले, "वो दुकानवाली बात मैं बच्चे को नहीं बोला. मेरे बोलने की नहीं है वो. आपीच बोल लेव."

मी जी म्हणालो.

त्याला आता चार महिने झाले. महेश-प्राजक्ता पुन्हा त्या मोठ्या शहरात, पुन्हा तळघरात आहेत. दर रविवारी फोन येतो आणि दर रविवारी मी ठरवतो की आज सांगायचं. तो म्हणतो, "बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला तरी काय माहीत होतं." आणि मी फोन सुमनच्या हातात देतो. माझ्या तोंडून ते निघणार नाही, हे माझ्या ध्यानात आलंय. म्हणून लोकांनी लिहा म्हटल्यावर लिहायला घेतलं.

महेश, मला माहीत होतं. नदीकाठी घर घेऊ नका, वरचं घ्या, पोराला जाऊन सांगा, असं हमीदभाईंनी मला तोंडावर सांगितलं होतं, कारण दाखवून सांगितलं होतं. तू मला जे विचारायला पाठवलंस ते मी विचारून आलो होतो, आणि तुझ्या समोर बसून भाकरी खात ते गिळलं. सांगणारा मुसलमान होता म्हणून आधी विश्वास ठेवला नाही. विश्वास बसला तेव्हा नदी सोडवेना. तुझ्या आईलाही हे तुझ्याबरोबरच कळतंय.